उस्तादाचा डावा पाय

गिअरची दांडी नसलेली गाडी चालवणं म्हणजे काही चालवणं नव्हे, असं कोणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. म्हणणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. आपल्या दोन्ही पायांवर माझ्यासमोर उभा राहून, क्लच कसा हळूहळू सोडायचा ते हवेत पाऊल हलवून दाखवत असतो. मला! मी ऐकून घेतो, घरी येतो आणि कारण नसताना बायकोवर ओरडतो. ती भाकरी थापता थापता म्हणते, "उस्ताद याद आला वाटते आज."

तिचा अंदाज चुकत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी गिअरचा वैरी नाही. दारव्ह्याच्या मोटारस्टँडवर ज्या माणसानं मला ट्रक शिकवला त्याला सगळे उस्तादच म्हणायचे, आणि तो होताही. त्या काळच्या ट्रकचे गिअर गुमान पडत नसत. चढावर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबायचा, दांडी मधे आणायची, क्लच सोडायचा, इंजिनाला जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडी ढकलायची. एवढं सगळं एका श्वासात. चुकलं की आतून दात कचकचायचे आणि उस्तादाची चापट मानेवर बसायची. "हातानं नाई बे, कानानं टाक गिअर. इंजिन काय म्हणून राह्यलं थे आयक अगुदर." वर्षभर मी मान लाल करून घेतली. मग एके दिवशी कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक यवतमाळच्या अलीकडच्या चढावर मी जराही आवाज न करता खालच्या गिअरात घेतला. उस्तादानं खिडकीबाहेर पाहत फक्त "हं" म्हटलं. इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

स्टँडवर कडूनिंबाच्या झाडाला दगडी ओटा होता. ओट्यावर फक्त ड्रायव्हरनं बसायचं. हमाल, क्लीनर, पानवाला, सगळे खाली. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. ड्रायव्हर होण्याचीही एक रीत होती. उस्ताद तुमचा हात धरून गिअरच्या दांडीवर ठेवायचा, तुम्ही त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा घालायचा, आणि मग तो तुम्हाला ओट्यावर आपल्या शेजारी बसवायचा. माझ्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. बायकोनं दुपट्ट्याच्या काठाला निळ्या दोऱ्यानं टीप घालून दिली होती. आमच्या वस्तीतला माणूस ओट्यावर बसणं तेव्हा कोणाला रुचणारं नव्हतं. उस्तादानं बसवलं. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरलो नाही म्हणूनच राग जास्त येतो.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नवराबायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्याआधी दर दसऱ्याला मीही सगळ्यांसारखा ट्रक धुऊन गिअरच्या दांडीला कुंकू लावायचो, चाकासमोर नारळ फोडायचो. पुढच्या दसऱ्याला मी ट्रक धुतला, आरशासारखा पुसला आणि हात बांधून बाजूला उभा राहिलो. नारळ दुसऱ्यानं फोडला. उस्ताद एवढंच म्हणाला, "तुही मर्जी." पण त्या दिवशी ओट्यावर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

तीन-चार वर्षांनी बोरी अरब गावाच्या पुढे ट्रकचं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेची माती ओली होती, जॅक सरकला आणि ट्रक माझ्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली बसला. पाय कापावा लागला नाही, म्हणून लोक नशीबवान म्हणाले. पण शीर मेली आणि पाऊल लोंबतं राहिलं. ते उचलत नाही, दाबत नाही, नुसतं माझ्याबरोबर येतं. ज्याच्या डाव्या पायात जोर नाही त्याला क्लच दाबता येत नाही, आणि क्लच दाबता येत नाही त्याला ओट्यावर जागा नाही. मला कोणी उतरवलं नाही, ते खरं. काठी टेकत पहिल्यांदा स्टँडवर गेलो तेव्हा माझ्या जागेवर दुसरा बसलेला होता आणि त्यानं सरकून घेतलं नाही. मी खाली हमालांमध्ये बसलो. उस्ताद वर बिडी ओढत होता. त्यानं धूर सोडला आणि रस्त्याकडे पाहिलं.

ज्या शेठजींच्या गाठी मी वाहायचो, त्यांच्याच जिनिंग कारखान्याच्या फाटकावर मला एक स्टूल मिळालं. फाटक उघडायचं, फाटक लावायचं. बायको कापूस वेचायला जाऊ लागली. फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गिअर मी कानानं ऐकायचो आणि कचकचला की शिवी हासडायचो. मला स्टेरिंग पाहिजे होतं. दया नको होती, स्टूल नको होतं, 'बिचारा' तर मुळीच नको होतं. स्टेरिंग पाहिजे होतं, आणि ते मिळायचा रस्ता मला दिसत नव्हता.

तो रस्ता एक दिवस फाटकातून आपणहून आत आला. नागपुरातला कोणी गोरा साहेब आपल्या देशी परत चालला होता, त्याची गाडी शेठजींनी घेतली. फिकट हिरवी, बैलगाडी आडवी लावावी एवढी लांब. तिला क्लच नव्हता. जमिनीतून वर येणारी दांडीही नव्हती. स्टेरिंगच्या मागे एक बारकी काडी आणि इंग्रजी अक्षरांची पट्टी. काटा ठरलेल्या अक्षरावर आणायचा आणि एक्सलेटर दाबायचा, गिअर ती आपल्या आपण बदलायची.

गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे उताराला ही हातातून सुटेल, कोणी म्हणे चिखलात फसली की जन्मभर तिथेच. ओट्यावर उस्तादानं निकाल देऊन टाकला. "दांडी नाई, क्लच नाई, मंग चालवणारा काय करते? नुसता बसते? लंगड्या-पांगळ्याईची गाडी हाय बाप्पा थे." सगळे हसले. मी खालीच बसलो होतो, काहींनी माझ्याकडे पाहून हसून घेतलं. मी मात्र जागच्या जागी ताठ झालो. त्यानं टोमणा मारला होता, पण गोष्ट खरी सांगितली होती.

लगेच मला कोण विचारणार? शेठजींनी तालुक्यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर बोलावला, म्हणजे उस्ताद. आणि मग जे झालं ते मी माझ्या स्टुलावरून या डोळ्यांनी पाहिलं. वीस वर्षं क्लच मारलेला त्याचा डावा पाय गाडीनं वेग घेतला की सवयीनं आपसूक उठायचा आणि खाली आदळायचा. तिथे क्लच नव्हताच. तिथपर्यंत पसरलेला ब्रेकचा रुंद पत्रा होता. गाडी जागच्या जागी थिजायची. पहिल्या वेळी शेठजींची टोपी पुढच्या काचेवर गेली. दुसऱ्या वेळी कपाळ. फाटकापासून यवतमाळच्या रस्त्यापर्यंत जाईस्तोवर चार दणके बसले. शेठजी कपाळ चोळत उतरले आणि पायी परत आले. नंतर आणखी दोघांनी करून पाहिलं. जो जितका पट्टीचा ड्रायव्हर, त्याचा डावा पाय तितका ओढाळ. हुशारीच त्यांच्या आड येत होती.

तिसऱ्या ड्रायव्हरचेही दणके खाऊन शेठजी आले तेव्हा मी काठी टेकून उभा राहिलो.

"शेठजी, मले एकडाव बसू द्या."

"तुले? तुहा तर पायच नाई चालत बे."

"म्हनूनच म्हंतो. जो पाय चुकी करते, थो माह्यापाशी हायच नाई."

शेठजी माझ्या लोंबत्या पावलाकडे पाहून पोट धरून हसले. "गाडीले क्लच नाई अन् तुले क्लचचा पाय नाई. बस, जोडा जमला." त्यांना वाटलं, गंमत होईल. जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पडले होते, गाठी रचलेल्या होत्या, मधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट होती. ती अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण रोज गाडी पुसायचं काम माझ्याकडेच होतं, आणि ती बाहेर काढताना कोणत्या अक्षरावर काटा गेला की ती काय करते, ते शेजारी उभं राहून मी पाठ केलं होतं. डावा पाय मी हातानं उचलून आत ठेवला. तो तिथे निमूट पडून राहिला. गाडी सरकीच्या ढिगांमधून पाण्यावरून गेल्यासारखी गेली, वळली, परत आली आणि शेठजींच्या पायांपाशी थांबली. शेठजींच्या हातातल्या पेल्यातला चहा सांडला नाही.

खोटं कशाला सांगू, डावा हात उपाशी होता. तो सारखा खाली दांडी शोधायचा. यवतमाळचा तोच चढ आला की कान इंजिनाकडे लागायचे, आणि मी काही करायच्या आत गाडीनं गिअर टाकलेला असायचा. तेव्हा आतून रिकामं वाटायचं. पण रस्ता माझ्यासमोर होता. दारव्हा, यवतमाळ, कधी नागपूर, एकदा तर वणीहून पुढे चांद्यापर्यंत. डाव्या पायाला गाडीत एकच काम होतं, मोठे दिवे खाली करायचं बटण, तेही मी काठीच्या टोकानं दाबायचो. बायकोनं वेचणी सोडली. वर्षभर मी कोणावर ओरडलो नाही, असं ती सांगते.

फक्त ओटा मिळाला नाही. एकदा गाडी स्टँडवर उभी करून मी सरळ वर चढून बसलो. उस्तादानं विचारलं, "हात कोण्या गिअरवर ठेवते तू?" मी म्हटलं, "उस्ताद, गाडी चालवून राह्यलो ना मी? माणसं पोचवून राह्यलो ना?" तो म्हणाला, "पोचवत असशीन. पण गाडीच तुले चालवून राह्यली, तू नाई गाडीले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उस्ताद धरून यातल्या तिघांनी त्या गाडीत शेठजींचं डोकं आपटवलं होतं. ज्यांना चालवता आली नाही ते ड्रायव्हर, आणि ज्याला आली तो नुसता बसणारा! मी खाली उतरलो. उतरायला नको होतं, हे मला आज कळतं.

मग दसरा आला. शेठजींच्या आवारात सगळ्या गाड्या धुऊन रांगेत लावल्या. हिरवी गाडी मी पहाटेपासून घासत होतो. आपापल्या गाडीचा नारळ ज्यानं त्यानं फोडायचा, अशी तिथली रीत होती. माझी पाळी आली तेव्हा मी हात बांधून बाजूला उभा राहिलो, जसा दरवर्षी राहायचो. शेठजींनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नारळ उस्तादाच्या हातात दिला. उस्तादानं तो माझ्या गाडीसमोर फोडला, आणि कुंकू लावायला दांडी सापडेना म्हणून ते त्या काडीलाच लावलं. तेव्हा मात्र त्याला ती काडी गिअर वाटली.

त्यानंतर चार दिवसांनी उस्ताद माझ्या घरी आला. मी ट्रक शिकत होतो तेव्हापासून तो आमच्या दारात कधी आला नव्हता, आणि आमच्या वस्तीत त्याच्या बरोबरीचा कोणी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. तो आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "सूनबाई, च्या ठेव." बायको माझ्याकडे पाहायला लागली. मला काय करू अन् काय नको असं झालं. शेजारच्याकडून मी कपबशी आणली. तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याला. माझे डोळे भरून आले, आता सांगायला लाज वाटते.

मग तो म्हणाला, "एक सांग लेका. तुहा पाय ब्रेकवर काहून जात नाई?"

"मेलेला हाय उस्ताद. कसा जाईन?"

"अन् जित्या पायाचं काय करा लागते?"

मी हसत हसत सांगून टाकलं. "सीटच्या खालच्या दांड्याले बांधून टाका, उस्ताद. दुपट्ट्यानं. महिनाभरात इसरते थो."

ज्यानं शिकवलं त्यानं विचारलं, आणि वर माझ्या घरचा चहा पिऊन विचारलं, तर सांगायचं नाही, एवढी अक्कल माझ्यात नव्हती. तो गेल्यावर बायकोनं बशी उचलली आणि म्हणाली, "च्या पेला खरा. पण पूरा वखत तुमच्या पायाकडं पाहून राह्यला होता." मी तिच्यावर खेकसलो. माणूस इतक्या वर्षांनी घरी आला आणि हिला हे सुचतं! वर्षभरातलं माझं ते पहिलं ओरडणं, आणि तेच नेमकं चुकीचं.

आठवडाभरात शेठजींनी मला बोलावलं. स्टुलावर परत बस म्हणाले. मी विचारलं, माझ्या हातून काय चुकलं? चुकलं काही नाही म्हणाले. मग म्हणाले, दार उघडायला तू उतरेपर्यंत पाहुणे ताटकळतात. मग म्हणाले, भावबंद हसतात, लंगड्याच्या हाती जीव देतो म्हणतात. आणि शेवटी म्हणाले, "अन् दसऱ्याले तू हात बांधून उभा राह्यला, थे काई बरोबर नाई झालं." तीन कारणं दिली. त्यातलं खरं कोणतं, पाय की नारळ, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. एकच कारण तोंडावर फेकलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

दोन दिवस मी फाटक उघडलं आणि हिरवी गाडी माझ्यासमोरून बाहेर गेली, स्टेरिंगवर उस्ताद. दणका नाही, झटका नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता. मी स्टूल सोडून काठी टेकत स्टँडवर गेलो. गाडी कडूनिंबाखाली उभी होती. शेठजी बाजारात गेले होते आणि उस्ताद दार उघडून खाली वाकून डाव्या पायाची गाठ सोडत होता. दुपट्टा पाहिला आणि माझ्या अंगाची आग झाली. काठाला निळ्या दोऱ्याची टीप होती. उस्तादाकडे शागिर्दांनी घातलेले असे दहा-पंधरा दुपट्टे होते. त्यानं मुद्दाम माझाच घेतला असं मी म्हणत नाही. हाताला लागला तो घेतला असेल. त्याचाच तर जास्त संताप आला.

गाठ सुटली, पण पाय तासभर बांधलेला, बधिर झालेला. उस्ताद उतरला आणि तीन पावलं लंगडला. अगदी माझ्यासारखा. कोणी हसलं नाही. दोघे ओट्यावरून उतरून धावले, त्याला बगलेत धरून वर बसवलं, एकानं त्याचा पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. हात कोणत्या गिअरवर, हे त्याला कोणी विचारलं नाही.

मी ओट्यासमोर उभा राहिलो आणि ओरडलो. बाजाराचा दिवस, शंभर माणसं वळून पाहायला लागली. "माहा पाय मेला म्हनून मी डायवर नाई! मंग यानं आपला पाय बांधून थेच गाडी चालवली, थो कोन हाय? सांगा ना! दांडी कुठी हाय? क्लच कुठी हाय? कोन चालवून राह्यलं कोनाले?"

उस्तादानं मान खाली घातली. त्यानं काही म्हटलं असतं, शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. पण बोलला तो त्याचा पाय चोळणारा. चोळता चोळता, मान वर न करता, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "त्याचा पाय सोडता येते ना बे."

मी काठी उचलली. मारायला नव्हे, घरी जायला वळण्यासाठी. पण उस्तादाला ते वेगळं वाटलं. त्यानं पटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि डोळे मिटले. तो तसाच बसलेला मी थोडा वेळ पाहत उभा राहिलो, कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. मग काठी टेकली आणि घरी गेलो.